डोळे सुजले, पण दुखणे कुठे?

सकाळी मूल उठून अंथरुणावर बसते आणि आईचे लक्ष त्याच्या डोळ्यांकडे जाते. पापण्या जड, डोळ्यांखाली फुगवटा, चेहरा उगीच भरल्यासारखा. आजी म्हणते, रात्री रडले असेल. काकू म्हणते, डोळे येत असतील. कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते. तोवर मूल अंगणात खेळायला गेलेले असते. दुपारपर्यंत सूज ओसरते, ज्याच्या त्याच्या मागे कामे असतात, गोष्ट तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

आमच्या शेजारच्या वाडीवर असेच झाले. चार वर्षांचा मुलगा. घरात डोळ्यांच्या थेंबांची जुनी बाटली होती, ती आठ दिवस घातली. ती संपल्यावर औषधांच्या दुकानातून दुसरी आणली, दुकानदाराला विचारून. मग एके दिवशी आंघोळ घालताना आईला दिसले की चड्डीची नाडी कमरेत रुतली आहे, पोट नगाऱ्यासारखे झाले आहे आणि नडगीवर बोट दाबले की खड्डा पडतो आहे. तेव्हा कुठे लघवी तपासली गेली. मुलाच्या डोळ्यांना काहीही झालेले नव्हते. दुखणे मूत्रपिंडाचे होते.

त्या घरचे लोक निष्काळजी नव्हते. सूज डोळ्यांखाली दिसली म्हणून त्यांनी डोळ्यांवर इलाज केला, आणि तुम्ही-आम्हीही तेच केले असते. म्हणून हा लेख. डोळ्यांखालची सूज बहुतेक वेळा साधी असते, हे आधी सांगून ठेवतो. पण साधी कोणती आणि आतल्या दुखण्याची कोणती, याचा बराचसा अंदाज घरच्या घरी करता येतो. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ नीट पाहायला मात्र हवे.

पाणी तिथेच का साचते?

आपल्या सगळ्या अंगात पापणीची कातडी सर्वांत पातळ. तिच्याखाली मांस भरलेले नाही; पिंजलेल्या कापसासारखा सैल थर आहे. शेतात जास्त झालेले पाणी जसे सखल वाफ्यात जाऊन थांबते, तसे अंगात जास्त झालेले पाणी सैल जागा शोधते. दिवसभर आपण उभे असतो, तेव्हा ते पाणी पायांकडे उतरते. रात्री आडवे झालो की सगळे अंग एका पातळीत येते आणि तेच पाणी तोंडाकडेही पसरते. म्हणून सकाळी डोळे सुजलेले आणि संध्याकाळी पाय जड, असा हा खेळ चालतो. दुपारी सूज ओसरली म्हणजे दुखणे गेले असे समजू नका. पाणी फक्त खाली उतरलेले असते.

दुसरा प्रकार पाण्याचा नसून चरबीचा आहे. डोळ्याचा गोळा खोबणीत चरबीच्या गादीवर बसलेला असतो आणि ती गादी एका पातळ पडद्याने अडवून धरलेली असते. वय वाढले की पडदा सैल पडतो, चरबी पुढे येते आणि डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागतात. काही घराण्यांत चाळिशीच्या आतच दिसतात. बापाला होत्या, लेकालाही आल्या. या पिशव्या सकाळ-संध्याकाळ सारख्याच असतात, दोन्ही बाजूंना असतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. त्यांच्यापासून अपाय काही नाही. कोणत्याही मलमाने ती चरबी विरघळत नाही, तेव्हा जाहिरात पाहून त्यावर पैसे घालू नका. शस्त्रक्रियेने काढता येतात, पण ती हौसेची बाब आहे.

रोजच्या राहणीतली कारणे

मीठ हे पहिले. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हटले आहे, म्हणजे चहाचा सपाट चमचा. आपल्या ताटाचा हिशेब करून पाहा. कालवणात मीठ, ठेच्यात मीठ, लोण्याबरोबर चिमूटभर, लोणचे, पापड, सांडगे, वर खारे शेंगदाणे. कोकणात आणि इतरत्रही सुके बोंबील आणि सुकट. मीठ अंगात पाणी धरून ठेवते. लग्नाच्या पंगतीत जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी डोळे जड का दिसतात, त्याचे उत्तर बहुधा इथे आहे.

जागरण दुसरे. जिथे अजून पंपाची वीज रात्रीची येते, तिथे पाणी धरणाऱ्या माणसाचे डोळे सकाळी काय दिसतात हे वेगळे सांगायला नको. दारूनेही तोंड आणि डोळे सुजतात. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, माणूस ते चोळतो आणि चोळण्यानेच निम्मी सूज येते. रडण्याची सूज तर सगळ्यांच्या ओळखीची.

अशा सुजेला औषध नको. माठातल्या गार पाण्यात स्वच्छ फडके भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवा. काकडीच्या चकत्या ठेवतात त्यातही गुण गारव्याचाच आहे, काकडीचा फारसा नाही. रात्री डोक्याखाली एक उशी वाढवा, आठवडाभर लोणचे-पापड बाजूला ठेवा, झोप पुरी करा. फरक पडला तर कारण कळलेच.

खाज सुटते का, ते आधी पाहा

आता मुद्द्याची खूण सांगतो. सुजेबरोबर खाज असेल, डोळे लाल असतील, पाणी गळत असेल, तर कारण बहुधा बाहेरचे आहे. शेतकऱ्याच्या घरात अशा कारणांना तोटा नाही.

गाजर गवत घ्या. काही ठिकाणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. मूळचे अमेरिका खंडातले हे तण आपल्या देशात १९५५ साली पुण्यात नजरेस आले आणि मग बांध, रस्ते, पडीक राने सगळे त्याने व्यापले. त्याचे बारीक कण हवेतून उडून तोंडावर, मानेवर, कोपरांच्या घडीत बसतात. ज्याला त्याचे वावडे जडते, त्याच्या पापण्या आधी सुजतात. खाजवून खाजवून पुढे त्या जाड आणि काळपट होतात. पावसाळ्यात गवत वाढले की त्रास वाढतो, आणि बाहेरगावी चार-सहा आठवडे राहून आले की कमी होतो. असे वावडे एकदा जडले की सहसा सुटत नाही. गवत फुलावर येण्याआधी, पावसानंतर जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला रुमाल. ज्याला त्रास आहे त्याने मात्र उपटायला जाऊच नये, घरातल्या दुसऱ्याने जावे. वाळलेले गवतही तितकेच बाधते.

मळणीचा भुसा आणि कडबाकुट्टीची धूळ यांनीही असे होते. बिबा तर जुना ओळखीचा. बिबा फोडताना किंवा भाजताना त्याचे तेल हाताला लागते आणि तोच हात डोळ्याला जातो. बिबा उतला की तोंड असे सुजते की माणूस ओळखू येत नाही. हात साबणाने पुन्हा पुन्हा धुवा, आणि डोळे मिटून गेले असतील तर दवाखाना गाठा.

हल्ली मात्र मी सर्वांत जास्त पाहतो ते केस काळे करण्याच्या कलपाने सुजलेले डोळे. लग्नसराई आली की घराघरात कलप लागतो आणि तिसऱ्या दिवशी नवरदेवाचा मामा डोळे न उघडता फोटोला उभा! कलपात केस काळे करणारे जे रसायन असते त्याचे काही जणांना वावडे असते, आणि कातडी डोक्याची असली तरी सूज उतरते पापण्यांवर. नुसत्या मेंदीने केस तांबूस होतात, काळेभोर होत नाहीत. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही बहुधा हेच रसायन असते. कलप लावायचा असेल तर आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. ज्याला एकदा बाधला त्याने पुन्हा कधीही लावू नये, कारण पुढची खेप अधिक जोराची येते.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून पापणी सुजली तर काटा काढा, गार फडके ठेवा. पण ओठ, जीभही सुजू लागली, आवाज बसला, श्वासाला त्रास झाला, तर क्षणभर न थांबता वाहन काढा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ओठ आणि पापण्या अशाच अचानक सुजतात. एनालाप्रिल, रामिप्रिल अशी 'प्रिल'ने संपणारी नावे असतील तर डॉक्टरांना ते पाकीट दाखवा.

जी सूज खाजत नाही, दुखत नाही

घाबरवणारी सूज कोणती? लोकांना वाटते लाल, ठणकणारी. घरच्यांनी खरे लक्ष ठेवायचे ते मुकाट्याने येणाऱ्या सुजेवर. खाज नाही, लाली नाही, दुखणे नाही, मूल हसते-खेळते आहे, पण रोज सकाळी दोन्ही डोळ्यांखाली मऊ फुगवटा आहे. अशा वेळी मुलाच्या लघवीकडे पाहा.

लघवीवर फेस येतो आणि बराच वेळ टिकतो का? लघवी कमी झाली आहे का? हे त्या वाडीवरच्या मुलाचे दुखणे. याला डॉक्टर 'नेफ्रोटिक' म्हणतात. बहुतेक दोन ते सहा वर्षांच्या मुलांना होते. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. तिची भोके सैल झाली की रक्तातले प्रथिन लघवीवाटे जाऊ लागते. हेच प्रथिन पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवत असते; ते कमी झाले की पाणी बाहेर झिरपते, आधी डोळ्यांखाली, मग पायांत, पोटात.

ही ओळख पटायला फार मोठे यंत्र लागले नाही. लंडनच्या गाइज हॉस्पिटलातले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी सुजलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली. तापल्यावर ती गढुळली, अंड्याचा पांढरा बलक तव्यावर गोठतो तशी. मृत्यूनंतर त्या रोग्यांची मूत्रपिंडे तपासली तेव्हा ती बिघडलेली आढळली. १८२७ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले, आणि पुढे कितीतरी वर्षे या दुखण्याला ब्राइटचेच नाव होते. तीच तपासणी आता रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने मिनिटभरात होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा, 'पोराची लघवी प्रथिनासाठी तपासा.' इतके एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

उपचार आहे, आणि बहुतेक मुलांना तो लागू पडतो. प्रेडनिसोलोन नावाच्या गोळ्या पहिल्या खेपेला साधारण तीन महिने द्याव्या लागतात. इथेच घोटाळा होतो. पंधरा दिवसांत सूज उतरते, मूल बरे दिसते, गोळ्यांनी तोंड गोल होते, भूक वाढते, म्हणून कोणी सांगते, 'स्टिरॉइड आहे, बंद करा.' मनाने बंद करू नका. गोळी अचानक तोडणे धोक्याचे आहे. या काळात मुलाला ताप आला, पोट दुखू लागले तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या, कारण अंगातली झुंजण्याची ताकद तेव्हा कमी असते. सूज असेपर्यंत मीठ कमी ठेवा. दूध, भात, डाळ, अंडे तोडण्याचे काही कारण नाही. पाणी किती द्यायचे ते डॉक्टर सांगतील. हे दुखणे बऱ्याच मुलांत पुन्हा पुन्हा डोके वर काढते आणि मूल मोठे होता होता बहुधा सुटते. तोवर घरच्यांना दम धरावा लागतो.

दुसरी खूण रंगाची. लघवी काळ्या चहासारखी किंवा मांस धुतलेल्या पाण्यासारखी लालसर झाली, कमी झाली आणि डोळे सुजले, तर मागचा महिना-दीड महिना आठवा. मुलाच्या अंगावर पिकलेल्या पुळ्या होत्या का? घसा आला होता का? पाच ते बारा वर्षांच्या मुलांत घसा दुखल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी आणि कातडीच्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडाला अशी सूज येते. यात रक्तदाब चढतो; डोके दुखते, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून त्याच दिवशी दवाखाना. वेळेवर नेलेली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

आणि हे फोड येतात कुठून? पुष्कळदा खरजेतून. रात्री खाज सुटते, मूल नखांनी ओरबाडते, त्यात पू होतो. खरजेला घरात कोणी किंमत देत नाही. 'पावसाळ्यात होतेच' म्हणतात. खरजेचे मलम एकट्या मुलाला लावून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावावे, सकाळी आंघोळ करावी, अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावे, आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. तान्ह्या मुलासाठी आणि गरोदर बाईसाठी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मोठ्यांची सूज

घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर तिच्याकडेही पाहा. शेवटच्या महिन्यांत संध्याकाळी पाय सुजणे नेहमीचे आहे. पण पाचव्या महिन्यानंतर तोंड, डोळे, हाताची बोटे सुजली, बांगडी चढेना, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, छातीच्या खाली दुखते, असे झाले तर त्याला 'पहिलटकरणीचे असेच असते' म्हणू नका. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला असेल तर आई आणि बाळ दोघांना धोका आहे. १०८ ला फोन करा, रात्र असली तरी.

चाळिशीच्या पुढच्या बाईचे डोळे बारा महिने फुगीर, कातडी कोरडी, थंडी सोसत नाही, शौचाला साफ नाही, खाणे तेवढेच पण वजन वाढते, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. साधी गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेतली की काम होते.

गुडघेदुखीसाठी आठवडी बाजारातून पुड्या आणणाऱ्यांना एक सांगायचे आहे. पुडीने दुखणे तासाभरात थांबते, तोंड मात्र महिन्याभरात गोल होते. बिननावाच्या पुडीत काय मिसळले आहे हे ती देणाराही सांगत नाही. अशा तोंडामागे पुष्कळदा स्टिरॉइड असते. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्याही रोज खाल्ल्या तर अंगात मीठ-पाणी धरतात आणि मूत्रपिंड खराब करतात. मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी तर दूरच राहावे.

एकाच डोळ्याची गोष्ट वेगळी. पापणीच्या कडेला लहानसा दुखरा फोड म्हणजे रांजणवाडी. गरम पाण्याच्या फडक्याने दिवसातून चार वेळा शेका, फोडू नका. पण एकच डोळा लाल, ताप भरलेला, डोळा बाहेर ढकलल्यासारखा, हलवताना दुखतो, अंधुक दिसते, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. हा संसर्ग खोबणीत शिरलेला असू शकतो.

ओघात एक सांगून टाकतो, कारण गावात याची गफलत होते. जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे उठते, पोटात दुखते म्हणते, आणि त्याच्या पापण्या उघडत नाहीत. ही सूज नव्हे. पापण्या मिटत चालल्या आहेत. मण्यार रात्री झोपेत चावते. वेदना जवळजवळ नसतात, दातांची खूणही पुष्कळदा दिसत नाही. थुंकी गिळवत नसेल, आवाज घोगरा झाला असेल तर मांत्रिक नको, चहा-पाणी नको. तडक रुग्णालय.

डोळ्यात काय घालू नये

मध, कांद्याचा रस, लिंबू, अंगावरचे दूध, भस्म यांतले काहीही नको. आणि दुकानातून आपल्या मनाने आणलेले थेंब नकोत. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असते. लाली दोन दिवसांत जाते म्हणून लोक महिनोन्महिने घालतात आणि काचबिंदू होऊन नजर जाते. गेलेली ती नजर परत येत नाही.

दवाखान्यात जाताना सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या बाटलीत बरोबर न्या. सूज केव्हापासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, खाज आहे का, लघवीचा रंग कसा, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे घरीच आठवून ठेवा. जमले तर मुलाचा एक फोटो सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर काढून ठेवा, कारण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि सूज उतरलेली असते.

वाडीवरचा तो मुलगा आता शाळेत जातो. मध्ये दोनदा दुखणे उलटले. दोन्ही वेळा डोळे सुजण्याआधीच आईने ते पकडले. डॉक्टरांनी तिला पट्टी कशी बुडवायची ते शिकवले आहे. रोज सकाळी ती लघवीत पट्टी बुडवते, डबीवरच्या रंगांशी जुळवून पाहते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते, 'नाही'. मी गेलो तेव्हा त्या महिन्याचे बावीस चौकोन भरले होते.